हिराबाईची बोहनी

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मी हसणारा माणूस. पावणे गावाजवळच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये नोकरी केली. मोजता येतं तेच खरं, एवढाच माझा धर्म. तरीही हे लिहितोय... कारण ज्या दोघांत हे घडलं, त्यांतला आता मीच उरलोय.

सानपाड्याच्या मार्केटात हिराबाई मासे विकायच्या. जवळच्याच गावच्या. बोहनीची नोट त्या कधी उजेडात धरून बघत नसत. पहिल्या गिऱ्हाइकावर संशय घेतला की धंदा रुसतो, असं म्हणायच्या. हळदीचं बोट नोटेच्या कोपऱ्याला लावून कपाळाला टेकवायच्या, की झालं.

मला कुठूनतरी पाचशेची खोटी नोट आली होती. पेट्रोल पंपवाल्याने परत केली, मेडिकलवाल्याने परत केली. नुकसान सोसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम सगळ्यांच्या आधी मार्केटात गेलो, पापलेट घेतलं आणि ती नोट हिराबाईंना दिली.

हिराबाई बँकेत पैसे भरायला गेल्या, तर हळदीच्या डागाची ती नोट बँकेने जप्त केली. मग मार्केटातल्या दोन बायकांना घेऊन हिराबाई आमच्या सोसायटीच्या गेटवर आल्या. वॉचमन, शेजारी, सगळे बघत होते. मी म्हणालो, "मी यांच्याकडून मासे घेतच नाही."

हिराबाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माजी बोहनी खोटी केलीस ना? आता तुजे हातची बोहनी कोनालाच खरी लागनार नाय."

मार्केटात त्यांना 'नकली नोटवाली' म्हणू लागले. गिऱ्हाईक तुटलं. वर्षभरात त्या गेल्या.

त्यानंतर सुरू झालं. सकाळी भाजीवाल्याला नोट दिली—खोटी. इस्त्रीवाल्याला दिली—खोटी. बँकेतून आणलेल्या कोऱ्या नोटा! लॅबवाला माणूस मी, पडताळून पाहिलं. त्याच बंडलातली नोट दुसरं गिऱ्हाईक म्हणून दिली की चालायची. पहिलं गिऱ्हाईक मी असलो की नोट खोटी, आणि कोपऱ्याला हळदीचा डाग. दरवेळी. मी उशिरा बाजारात जायला लागलो, घरी काही बोललो नाही.

मग मुलीने कामोठ्यात साड्यांचं दुकान काढलं. उद्घाटनाला हट्टच धरला—बोहनी बाबांच्याच हातची. नको नको म्हणालो, तर जावई हसून म्हणाले, "काय बाबा, घरच्या दुकानात पण डिस्काउंट पाहिजे का?"

नोट घरून तपासून नेली होती. जाताना पुन्हा पाहिली. चांगली होती.

मुलीने ती कपाळाला लावली, गणपतीपुढे ठेवली. मग वाकून पाहिलं. "बाबा, अजून पूजा व्हायचीय... ही हळद कुठून आली?"

पाहुण्यांसमोर जावयांनी नोट उचलून दिव्याकडे धरली. त्यांचं हसू गेलं. दुकानात अगरबत्ती होती, अत्तर होतं. मला मात्र ओल्या मासळीचाच वास येत होता.

तिथेच, पाहुण्यांसमोर, मी सगळं सांगितलं. मग मुलगी स्वतः सानपाड्याला जाऊन मार्केटातल्या बायकांना भेटून आली. त्या काय म्हणाल्या ते तिने मला सांगितलं नाही.

हे कसं होतं ते मला आजही कळलेलं नाही. मी कबूल केल्यावरही थांबलेलं नाही.

मुलीने एवढंच सांगितलंय, "बाबा, दुकानात कधीही या. पण पहिलं गिऱ्हाईक येऊन गेल्यावर."

मी समोरच्या बाकावर बसून वाट बघतो.