त्रेसष्ट बंद

दोन हजार साल उलटलं तेव्हा मी हिंगोलीत एका खोलीत कॉम्प्युटर मांडून शाळांसाठी प्रोग्राम लिहीत होतो. मुलांची नावं, जन्मतारखा, दाखले, दहावीचे अर्ज, सगळं त्यातून छापून निघायचं. शाळांच्या तक्रारी मी नंबर देऊन एका यादीत टाकायचो. दुरुस्ती झाली की नवी फ्लॉपी जीपवाल्याकडे द्यायची आणि सोबत चिठ्ठी: ‘५८, ६१, ६३ बंद.’ नंबर माझ्या यादीतले, बंद म्हणजे ती तक्रार मिटली. ती यादी शाळांनी कधी पाहिलेली नव्हती.

गोरेगावकडच्या एका शाळेत क्लार्क होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ते कीबोर्ड शिकले. एकदा म्हणाले, “सर, हे आकडे काहून लिहून राहिले तुमी? काय बदललं ते सरळ मराठीत लिहा. मी भिंतीला चिटकवून ठेवतो.”

पुढच्या वेळी लिहितो, म्हणालो. कंटाळा केला, दुसरं काही नाही.

त्रेसष्ट नंबरची तक्रार दुसऱ्याच शाळेची होती. चुकून बटण दाबलं तरी माहिती बदलते, अशी. म्हणून मी माहिती बदलल्यावर एफ-टू हे बटण दाबल्याशिवाय ती साठवली जाणार नाही, असं केलं. चाचा पूर्वीसारखं एंटर दाबत राहिले. पडद्यावर दुरुस्त केलेली जन्मतारीख बराबर दिसायची, दहावीच्या अर्जावर मात्र जुनी, चुकीचीच छापली गेली.

अशी तारीख चुकलेल्यांत मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मुलगी होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर ती वर्षभराने लहान ठरली आणि वयात बसली नाही म्हणून परत पाठवली. तारीख दुरुस्त होऊन येईपर्यंत तिचं लग्न झालं होतं.

मी शाळेत गेलो तेव्हा कळलं, चाचांनी हेडमास्तरांना चूक आपलीच असं लिहून दिलं होतं. मी त्यांना एफ-टूचं सांगितलं. ते म्हणाले, “एक ओळ लिहिली असती तर झालं असतं, सर.”

त्यानंतर प्रत्येक फ्लॉपीसोबत मी पानभर साध्या मराठीत लिहीत गेलो. आधी काय व्हायचं, आता काय होईल, कोणतं बटण दाबायचं. बाकी शाळांतले लोक ते वाचून फोन करायचे, बरं झालं म्हणायचे. चाचा तोवर निवृत्त झाले होते. त्या मुलीच्या घरी जाऊन चूक माझी होती हे सांगावं, असं कितीदा मनात आलं. तिचे वडील बाजारात एकदा समोर दिसले, तेव्हा मीच रस्ता बदलला.