स्टेपनीमागचं मडकं

या, अशा जवळ या दोघं. दाराशी खुर्ची टाकून बसायला तुम्ही काय पाहुणे आहात? आणि काय रे, जुनी गाडी घेतलीस, पेढे आणलेस, बॉनेटला हार घातलास, पण सीटच्या फटीत हात घालून बघितलंस का? नाही ना? वाटलंच मला. भाड्याचं घर घेताना माळा बघता, कोनाडे बघता, आणि दुसऱ्याची गाडी घेताना नुसता रंग बघता! काकू रागावते म्हणून तोंड पाडू नका. शेजारच्या मोकळ्या साईटवर जुन्या गाड्या घेऊन विकणारे अण्णा कसे होते ते सांगते, मग कळेल मी का बोलले ते.

अण्णा आधी हातच घालत. गाडी साईटवर येऊन उभी राहिली की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे, बाही वर सारायचे, डोळे मिटायचे आणि मागच्या सीटच्या फटीत पार दंडापर्यंत हात. गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं असलं तरी हेच. "स्वल्प थांबा की," म्हणायचे, "गाडी अजून रिकामी झाली नाही."

आपल्या बंगळूरला तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्या यायला लागल्या होत्या. ज्याला त्याला नवी गाडी हवी होती आणि जुन्या गाड्या अण्णांकडे येत होत्या. राजाजीनगरच्या ह्या घराला लागून जो चार मजली डोंगर उभा आहे ना, तिथे तेव्हा मोकळी साईट होती. पाच-सहा गाड्या, एक होंगेचं, म्हणजे करंजाचं, झाड, आणि त्याखाली कुठल्याशा मोडीत काढलेल्या गाडीची सीट. ती अण्णांची गादी. मूळचे निपाणीकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वयाने माझ्या बरोबरीचे, पण ते मला अक्का म्हणत आणि मी त्यांना अण्णा. "म्हणजे तुमच्यात धाकटं कोणीच नाही," असं तुमचे काका चिडवायचे.

माणूस दमलेला. काम फार होतं म्हणून नव्हे. काही माणसं सकाळी उठतात तीच दमून उठतात, तशातले. बसताना "शिवा शिवा", उठताना गुडघ्यावर हात. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. त्यांना बघून आपल्यालाच जांभई येते.

गाड्यांतून काय काय निघायचं म्हणून सांगू! केसांच्या पिना, बटणं, वाळून काडी झालेला मोगरा, हे तर घरोघरचं. एकीत लहान मुलीचं एकच पैंजण. एकीत अर्धा विणलेला स्वेटर, सुया तशाच अडकवलेल्या, लोकरीचा गुंडा पुढच्या सीटखाली घरंगळलेला. डॅशबोर्डावरचे देव तर विचारूच नका. गणपती, वेलांकनीची माता, हिरव्या कापडात शिवलेला ताईत, सगळे अण्णांनी झाडाच्या बुंध्याशी एका फळीवर बसवले होते.

"भांडत नाहीत का हो अण्णा?"

"गाडीतले देव हे, अक्का. एकमेकाला साईड द्यायची सवय असतीय."

ज्याचं त्याला नेऊन द्यायचं हा त्यांचा नेम. एकदा आख्खी कवळी निघाली. वरची, खालची, दोन्ही. कागदात गुंडाळून बसने गेले द्यायला. म्हाताऱ्याने दार उघडलं, कवळी बघितली आणि तोंड गच्च मिटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "टोचते हो ती. मीच सारली होती सीटखाली. हरवली म्हटल्यावर सून नवी करून देणार आहे. ती बाजारातून यायच्या आत जा तुम्ही!"

हे सांगताना मी हसून हसून पदर तोंडाला लावला, पण अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "सगळीकडं असंच हाय, अक्का. आपल्याला वाटतंय खूश होतील. गाडी विकली म्हणजे तेवढं आयुष्यबी विकलेलं असतंय त्यांनी. मी दारात उभारलो की दार अर्धंच उघडत्यात. हा आणि काय परत आणायलाय म्हणून."

"मग जाता कशाला?"

"दुसऱ्याचं हाय की. ठेवू कुठं?"

मग एक पांढरी अँबॅसेडर आली. जुनी पण लाडाने ठेवलेली, सीटवर पांढरीशुभ्र कव्हरं. कोरमंगलाच्या एका मुलाने विकली. मुलगा म्हणते, पण चाळिशीचा असेल. कुठल्याशा मोठ्या कंपनीत होता. गाडी वडिलांची, आणि वडील जाऊन वर्ष होत आलेलं. माणसं आपल्यातलीच, आपल्यासारखीच पिढ्यान् पिढ्या इथली.

मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. अण्णांनी फटी बघितल्या, डिकी उघडली, स्टेपनी बाहेर ओढली आणि आत वाकले ते वाकलेलेच राहिले. मला वाटलं, कंबर धरली.

"काय झालं हो?"

त्यांनी मान वर केली. "अक्का, गाडीत माणूस हाय."

माझ्या हातातलं सूप पडलं. खाली धावले. स्टेपनीच्या मागे एका साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, पिशवीत मातीचं लहानसं मडकं, तोंडाला तांबडं फडकं बांधलेलं. काय असेल ते सांगायला नको. अस्थी उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कोणी झाडाला बांधतं, कोणी बाहेरच्या कोनाड्यात ठेवतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने कुठे ठेवायचं? गाडीच्या डिकीत.

तुमच्या काकांनी फोनची वायर ओढून ओढून फोन दारात आणून दिला. अण्णा पायरीवर बसून त्या मुलाशी बोलले, मी उंबऱ्याच्या आत उभी. हकीकत अशी निघाली: अस्थींची दोन मडकी केली होती. एक श्रीरंगपट्टणला नदीत सोडलं. दुसरं काशीला न्यायचं, कारण वडिलांनी शेवटच्या आजारात तेवढं एकच मागितलं होतं. चार दिवसांत जाऊ म्हणून डिकीत ठेवलं. मग कंपनीचं काम निघालं, मग परदेशची फेरी. बसवनगुडीला आई एकटी राहायची, ती रोज विचारायची. एक दिवस त्याने सांगून टाकलं, ओळखीचा माणूस जात होता, त्याच्याबरोबर पाठवलं, झालं सगळं. आणि पूजेच्या दुकानातून गंगेची सीलबंद लोटी आणून आईच्या हातावर ठेवली. त्या माउलीने ती देवाशी ठेवली. मग ह्याला स्वतःच बोललेलं खरं वाटायला लागलं असेल. गाडी विकताना मडकं आठवलंसुद्धा नाही.

"तुम्हीच कुठेतरी तळ्यात सोडून द्या ना," फोनमधून मला ऐकू येत होतं. "आईला फक्त कळायला नको."

"मी त्यांचा कोण?" अण्णा म्हणाले. "तुम्ही या."

तो आला नाही. अण्णांनी मडकं होंगेच्या फांदीला टांगलं. पाऊस मधून मधून येत होता, म्हणून कुठल्याशा गाडीत सापडलेली काळी छत्री उघडून वर बांधली. झाडाला छत्री! रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. गिऱ्हाइकं येत, अँबॅसेडरभोवती फिरत, अण्णा नाही म्हणून मान हलवत. दर दोन-चार दिवसांनी माझ्या पायरीवर बसून फोन. तो कधी मीटिंगमध्ये, कधी गावाला, कधी नुसतंच ठेवून द्यायचा. अण्णांचा चेहरा आणखी ओढला.

"आईला सांगून टाका ना सरळ," मी म्हटलं.

"सांगितलं तर तिचा पोरगा जातोय, अक्का. न सांगितलं तर नवरा जातोय. मी गाडीवाला. मी काय ठरवू?"

शेवटी ते कोरमंगलाला जाऊन त्याच्या ऑफिसच्या फाटकाशी बसून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. टाय लावलेला, नव्या गाडीतून. झाडाकडे त्याने बघितलंच नाही.

"तुम्हीच न्या काशीला. तिकीट, खर्च सगळं मी बघतो."

"सरी, चालतंय," अण्णा म्हणाले. मला नवलच वाटलं. "नेतो. तिथले भटजी नावं विचारणार. तिघांची. सांगा, पाठ करतो."

त्याने गोत्र सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. आजोबांचं सांगितलं. आणि थांबला. कपाळ चोळलं, आकाशाकडे बघितलं. पणजोबा काही येईनात.

"कोणालातरी विचारा की," अण्णा म्हणाले.

आणि विचारणार कोणाला? आमच्या दारातला फोन घेतला आणि बसवनगुडीला लावला. "आई, आजोबांच्या वडिलांचं नाव काय ग? ... नाही, असंच. ... ऑफिसात विचारत होते."

ऑफिसात पणजोबांचं नाव कोण विचारतं रे? आयुष्यभर श्राद्धाच्या दिवशी ही नावं ऐकलेली बाई ती, कशाला हवीत ते तिने ओळखलं. तिकडून काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. इकडे त्याने टायची गाठ सैल केली. मग एवढंच म्हणाला, "नाही आई. बाबा काशीला पोचलेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षाने आल्या. बारीक चणीच्या, नऊवारी नीट चोपून नेसलेल्या. झाडाखाली उभं राहून वर छत्रीकडे बघत राहिल्या. अण्णा हात जोडून बाजूला.

"भिजले नाहीत ना?"

"न्हाई आई. वारं आलं की मी धरत होतो छत्री."

रडल्या नाहीत. अण्णांच्या त्या गाडीच्या गादीवर बसल्या. काशीची तिकिटं मिळेपर्यंत रोज सकाळी येऊन तिथेच बसायच्या. मी कॉफी नेऊन द्यायची. अण्णांना बसायला जागा उरली नाही. ते बिचारे गाडीला टेकून उभे.

मुलाने रजा काढली. निघायच्या दिवशी त्या म्हणाल्या, "ह्यांच्याच गाडीतून स्टेशनला सोडा." स्वतः मागे, आपल्या रोजच्या जागी बसल्या. मुलगा पुढे, मांडीवर मडकं, दोन्ही हातांनी धरलेलं. मी काचेशी उभी होते. आई मागून म्हणाली, "म्हण."

चाळिशीचा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा म्हणायला लागला. वडील, आजोबा, पणजोबा. चुकला. "पुन्हा म्हण." पुन्हा म्हटलं. अण्णांनी गाडी चालू केली होती पण पुढे घेतली नव्हती. समोर बघत बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

स्टेशनावरून परत आले, गाडी जागेवर लावली आणि आतच बसून राहिले. दिवेलागणी झाली तरी उतरेनात. मी कॉफी घेऊन गेले.

"अक्का, मला दोनच येतात."

"काय?"

"नावं. बाप आणि आजा. फुडं काय न्हाई."

तुमच्यामागे ही नावं घेणार कोण, हे माझ्या ओठावर आलं होतं, ते गिळलं. त्यांनीच ओळखलं. "मला कोण विचारणार न्हाई ते. पण मला तरी म्हाईत पाहिजे की. एवढी वर्षं लोकांच्या गाड्या चाचपायलोय."

गावाला एक आत्या होती, असली तर. आणि एक भाऊ, पण त्याच्याशी तरुणपणीच बिनसलेलं. तेव्हापासून हे निपाणीला गेलेच नव्हते. भावाचं नाव निघालं की कानातलं पाणी काढल्यासारखी मान झटकायचे. आठवडाभर धुसफुसत राहिले. जातो म्हणायचे, पुन्हा गादीवर बसायचे. एका सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सगळ्या चाव्या माझ्या दाराच्या खिळ्याला अडकवल्या.

"विचारून येतो, अक्का."

"लवकर या," मी म्हटलं. "गाड्यांवर धूळ बसेल."

धूळ बसली. होंगेची फुलं पडली, पानं पडली, मांजर व्यालं एका बॉनेटखाली. बऱ्याच दिवसांनी फाटकाशी एक माणूस उभा दिसला आणि मी "अण्णा" म्हणून हाक मारली. तसेच खांदे, तसाच गुडघ्यावर हात. भाऊ होता तो. गाड्यांची व्यवस्था लावायला आला होता.

"आत्यापाशीच राहिलाय," म्हणाला. "ती थकलीय, हा तिच्याहून थकलाय. दोघं ओसरीवर बसून असतात. आता कुठं हलत न्हाई म्हणतोय."

"आणि ते नाव?"

"सापडलं. अक्कांना तेवढं नक्की सांग म्हणालाय." मग जरा लाजून म्हणाला, "मलाबी म्हाईत नव्हतं. आत्यानं दोघांनाबी सांगितलं."

त्याने मला नावही सांगितलं. ते इथे सांगत नाही, ते त्यांच्या घरचं. मी चाव्या दिल्या. पुढे साईट विकली गेली, झाड गेलं, हा डोंगर उभा राहिला, आणि अण्णा पुन्हा ह्या रस्त्याला आले नाहीत.

आता तुम्ही उठाल. घड्याळ बघितलंस ते दिसलं मला. के. आर. पुरम काही जवळ नाही, रस्त्यात गर्दी लागेल, जा. पण तुझ्या पणजोबांचं नाव तुला येतं का रे? काका असते तर त्यांनी सांगितलं असतं. आता ह्या घरात ते मला एकटीला येतं, आणि माझंही आताशा उठताना गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय होत नाही. फोनवर सांगणार नाही, विचारू नकोस. पोरांना घेऊन या, त्यांच्याकडून म्हणून घेते. दिवाळीपर्यंत थांबू नका. पुढच्या रविवारीच या.