चाकणच्या पुढे न गेलेली गाडी

पडल्यापासून आक्का अंथरुणातच आहे. तिला एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच नलूचं मागणं होतं. नलू म्हणजे माझी बायको, आक्का तिची थोरली बहीण. गाव राजगुरुनगरच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला. एसटीची पायरी नलूच्या गुडघ्यांना झेपत नाही. आमच्या जुन्या गाडीची पुढची सीट मी वेल्डरकडून चार बोटं उंच करून घेतली आहे. तिथे ती आरामात बसते. अडचण एकच. स्टिअरिंगमागे एबीएसचा, म्हणजे ब्रेक सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा विझायचं नाव घेत नव्हता, आणि मुलाने बजावलं होतं, "बाबा, तो दिवा जात नाही तोवर चढ-उताराच्या रस्त्याला गाडी घालायची नाही."

आमच्या निगडीतल्याच गॅरेजवाल्याने पुढच्या चाकाचा सेन्सर बदलला, गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड पुसला. दिवा गेला! नलूने लगेच आक्काला फोन केला, "उद्या येतो." तुमच्या गाडीलाही हा आजार असेल तर एक सांगतो: कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. मी तीच दुरुस्ती समजलो.

सकाळी लवकर निघा, नाहीतर कंपन्यांच्या बसेस रस्ता अडवतात. आम्ही उजाडताच निघालो. शाळेत बाकावर उभं राहून म्हटलेल्या कविता गाडीत म्हणायची माझी खोड. नलू विसरलेलं कडवं जोडून देते. मोशीच्या अलीकडे डोळ्यांसमोर जुना रस्ता उभा राहिला, दुतर्फा चिंचा, पलीकडे ऊस, धुक्यात एखादीच सायकल. आता गोदामांच्या पत्र्यांवर ऊन चढत होतं.

सिग्नलला ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरलं, घर्रर्र आवाज झाला, आणि गाडी थांबायचं सोडून पुढे सरकली. टेम्पोच्या मागे वीतभर जागा उरली. दिवा पुन्हा लागला होता.

शेजारचा दुचाकीवाला ओरडला, "ओ आजोबा, गाडी चालवताय का ढकलताय?"

कवितेचं कडवं तिथेच राहिलं.

रांगत रांगत चाकण गाठलं. चौकाच्या अलीकडे मिसळ चांगली मिळते, तर्री बेताने मागा. त्या दिवशी ती आम्हाला गेली नाही. पलीकडेच दत्ताचं वाहन-इलेक्ट्रिकचं दुकान. माणूस लातूरकडचा. चाक उतरवून बॅटरीच्या उजेडात त्याने बराच वेळ पाहिलं.

"काका, सेन्सर झकास हाय. आतली दातेरी रिंग तडकलीय बगा, गंजून. चाक हळू झालं की हिशेब चुकतो, गाडीला वाटतं चाक घसरलं, मग ती आपणच ब्रेक सोडती."

"मग रिंग बदल."

"ह्या मॉडेलची आता कुठं मिळती? इथंच व्हायची ओ, ह्याच पट्ट्यात. तिची डाय, साचा ओ, कवाच मोडीत गेला."

इथे दिवसरात्र सुटे भाग घडतात, आणि आमच्या वाट्याला एक रिंग नव्हती.

मुलाची ताकीद मी त्याला सांगून बसलो होतो. दत्ताने डोकं खाजवलं. "एबीएसचा फ्यूज काढून देतो. थरथर बंद, साधे ब्रेक चालू. दिवा मात्र राहणार. तोबी काढू का? पोराला कळायचं न्हाई."

"दिवा राहू दे," मी म्हणालो. तपासणीचे आणि मजुरीचे मिळून सातशे त्याने घेतले, आणि आम्ही निघालो. आक्काकडेच.

चौकात कंटेनरांची रांग होती. ब्रेक आता नीट लागत होते, अगदी पूर्वीसारखे. पण पेडलवर ठेवलेला माझा पाय थरथरत होता. मी तो उचलला, पुन्हा ठेवला. थांबेना. पुढचे उतार आठवले. नलू माझ्या गुडघ्याकडे बघत होती.

"वळवा गाडी," ती म्हणाली.

"अगं, आता ब्रेक..."

"वळवा म्हणते ना."

परतीचा रस्ता मला आठवत नाही. मुलाने गाडी विकून टाका म्हटलं तर आता मी वाद घालणार नाही. इतक्या वर्षांच्या फिरण्यातून माझ्यापाशी उरलेत ते फक्त चाकणपुढचे न झालेले चाळीसेक किलोमीटर. आमच्या इमारतीखाली गाडी लावली तरी नलू उतरेना. पदराने चष्मा पुसत बसली.

तेवढ्यात फोन वाजला. आक्का. नलूने तो माझ्या हातात दिला.

"दाजी, कुठवर आलात? पिठलं टाकायला सांगू का सूनबाईला?"

"निगडीत आहोत, आक्का."

"अगं बाई, अजून निघालाच न्हाई व्हय? निघा की मग, मी जागी हाय."