बायनाबाईची बांधावरची वाट

त्या पावसाळ्यात बायनाबाई खोब्रागडे चांगला मुरमाचा रस्ता सोडून धानाच्या बांधांवरून जायला लागली, तेव्हा गावात दोनच तर्क निघाले. तिला लाज वाटते, नाहीतर तिला माज आलाय. तिसरा तर्क काढायची फुरसत आमच्या गावाला नव्हती. एकदा पाय घसरून ती छत्रीसकट चिखलात पडली तर धानाची रोपं रोवणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. मला त्या हसण्याचा अजूनही राग येतो, म्हणून हे सांगते आहे.

गाव कुरखेडा तालुक्यातलं. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी तिथल्या शाळेत मास्तरीण होते आणि बायनाबाई बालवाडीत मदतनीस. बौद्ध वस्तीतली, सातवी पास, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बोलणं कमी आणि बघणं जास्त, असा तिचा स्वभाव. नागपूरच्या एका संस्थेला खेड्यापाड्यांतल्या मतिमंद मुलांच्या घरी जाऊन शिकवणाऱ्या बाया हव्या होत्या. त्यांनी हिला निवडलं आणि शिक्षणाला नेलं.

परत आली ती एकच गोष्ट घोकत. तिथल्या ताईंनी सांगितलं होतं, लेकरू जे करतं ते कशासाठी तरी करतं. आधी काय घडलं ते बघ, मग लेकरानं काय केलं ते बघ, आणि त्यातून त्याच्या पदरात काय पडलं ते बघ. ज्याच्या पाठोपाठ हवं ते मिळतं, तेच लेकरू पुन्हा करतं. मी हसून म्हटलं, "एवढं ऐकाले नागपूरले गेली होतीस का वं?" ती म्हणाली, "ऐकाले सोपं आहे, बाई. बघाले लय कठीण."

तिला पहिलं घर मिळालं ते कलाबाईचं. घरची शेती, दाराशी बैल, गावात शब्दाला वजन. कलाबाईची सून इंदू आणि इंदूची सहा वर्षांची मुलगी कमळा. कमळा बोलत नव्हती, हाक मारली तर वळून बघत नव्हती, सुपातल्या तांदळात बोटं फिरवत दिवसचे दिवस बसायची. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम असा शब्द सांगितला होता. गावात तो कुणाच्या जिभेवर बसला नाही. गावानं आपलं निदान आधीच करून ठेवलं होतं की पोरीला बाहेरचं लागलंय.

कमळाला काही हवं असलं की ती ओसरीच्या मेढीवर, म्हणजे लाकडी खांबावर, कपाळ आपटायची. एक टेंगूळ बसायच्या आत दुसरं यायचं. आदल्या वर्षी रोवण्याच्या दिवसांत घरातली सगळी माणसं धानात गेली, म्हणून कलाबाईनं तिला दोरानं गोठ्याच्या खुंट्याला बांधून ठेवलं होतं. संध्याकाळी येऊन बघतात तर कपाळ भुवईपर्यंत फाटलेलं. डोळा थोडक्यात वाचला. आता पुन्हा रोवणा जवळ येत होता. कलाबाईनं स्वच्छ सांगितलं, "तवरीक सुधरली तं ठीक, नाईतं दोर आहेच."

बायनाबाई काही दिवस नुसती ओसरीच्या कडेला बसून बघत राहिली. कलाबाईनं टोमणा मारलाच, "शिकवाले आली का पाहुणचाराले?" पण बायनाबाईनं पाहिलं ते असं. इंदू चुलीशी असते, कमळाला फुटाणे हवे असतात, ती मेढीवर डोकं आपटते, इंदू धावत येऊन मूठभर फुटाणे देते. डोकं थांबतं. आईला वाटतं, बरं झालं, थांबली. पोरीला कळतं, असं केलं की मिळतं.

"इंदूताई," बायनाबाई म्हणाली, "बैल सरळ चालला का तुमचे घरवाले त्याले थोपटतात ना? वाकडा चालल्यावर थोपटलं तं कसा चालंन?"

इंदू रडायलाच लागली. "मंग मीच शिकवलं का तिले हे?"

"तुमी जीव वाचवत होत्या. आता दुसरं शिकवू."

दुसरं म्हणजे तळहात. पोरगी मेढीकडे जायच्या आधी तिचा हात हातात घ्यायचा, तळवा उघडून पुढे करायचा, आणि त्याच क्षणी त्यावर फुटाणे ठेवायचे. पुढे नुसतं मनगट धरायचं, मग कोपराला बोट लावायचं, मग तेही नाही. पोरीनं आपल्या आपण हात पुढे करून मागावं, एवढीच सगळी विद्या.

पण कलाबाईची अट होती. "शिकव बापा. पण तुह्या हातचं माह्या नातीच्या तोंडात नोको." त्या घरात बायनाबाईला पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं. तेव्हा फुटाणे द्यायचे ते इंदूनं, आतून आणून. बायनाबाई तळवा उघडायची, इंदूला हाक मारायची, इंदू पिठाचे हात पुसून निघायची, आणि ती उंबऱ्यापर्यंत येते न येते तोच कमळा हात सोडवून मेढीवर आपटायला लागायची. फुटाणे पोचायचे ते नेमके त्यावर.

आपटणं वाढलं. बायनाबाईला आधी वाटलं, हे ताईंनी सांगितलेलंच आहे. जुनी खोड सुटताना एकदा उसळते, विझता दिवा मोठा होतो तशी. ती धीर धरून राहिली आणि तिथंच चुकली. पोरीचं कपाळ काळंनिळं झालं तेव्हा एका संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसली. "दिवा विझून नाई राह्यला, बाई. आमीच तेल टाकून राह्यलो. माह्या हातापासून तिच्या तोंडापर्यंत जेवढा उशीर होते ना, त्या उशिरातच पोरगी डोस्कं फोडते." त्या उशिराचं नाव आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्या घरात ते उच्चारायची सोय नव्हती, आणि मला त्याची भयंकर चीड आली.

हे तिनं इंदूला कसं सांगितलं कोण जाणे. पण कलाबाई नांगरटीला शेतावर गेली त्या दिवशी इंदू आत चुलीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "द्या तुमीच. म्या काई पायलं नाई."

बायनाबाई पदराच्या गाठीत फुटाणे बांधून न्यायला लागली. तळवा उघडला की लगेच दाणे. कमळा बघायची ती तिच्या तोंडाकडे नाही, त्या गाठीकडे. पण बघायला लागली होती. आणि मग एक दिवस कुणी कोपराला बोट न लावता तिनं हात पुढे केला. इंदूनं तोंडात पदर कोंबला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पुढे कपाळावरच्या जखमा वाळल्या. कलाबाईलाही ते दिसलं. ती नवस फेडायच्या गोष्टी बोलायला लागली.

याच आनंदात ती नातीला कुरखेड्याच्या बाजाराला घेऊन गेली. पोरगी सुधरली हे चार लोकांना दाखवायचं होतं, आजीचं मन ते. मीही त्या दिवशी बाजारात मिरच्या घेत होते. मिरच्यांच्या ढिगापलीकडे बायनाबाई उभी होती. कमळानं तिला पाहिलं, आजीच्या हातातून हात काढला, गर्दीतून सरळ चालत गेली आणि तिच्यापुढे तळहात धरला.

दिलं तर कलाबाईचं घर आपल्याला बंद होणार हे बायनाबाईला दिसत होतं. नाही दिलं तर पोरगी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून चालत येऊन मागते आहे, आणि तिला काहीच मिळत नाही. तिनं पदराची गाठ सोडली.

"कलाबाई, तुही नात भीक मांगाले शिकली का वं?" कुणीतरी मोठ्यानं म्हणालं आणि लोक हसले.

कलाबाईनं पोरीच्या हातावर फटका मारून दाणे उडवले. "आमच्या घरची पोरगी हात पसरते! अन् पसरते कोणापुढं!" ती पुढे जे बोलली ते मी लिहिणार नाही. बायनाबाई खाली मान घालून ऐकत होती आणि कमळा तिथंच जमिनीवर कपाळ आपटत होती.

घर बंद झालं. रोवणा लागला आणि दोर आला. संस्थेनं बायनाबाईला पुढच्या गावातलं दुसरं मूल दिलं. तिथं जायचा रस्ता कलाबाईच्या गोठ्यावरून जायचा. पहिल्याच सकाळी खुंट्याला बांधलेल्या कमळानं तिला पाहिलं आणि तळहात पुढे केला. ओसरीत कलाबाई होती. बायनाबाई चालत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या सकाळी ती घराच्या अलीकडेच रस्ता सोडून बांधावर उतरली.

"लाज कायले वाटते तुले?" मी तिला रागानंच विचारलं. "ताठ मानेनं जा रस्त्यानं."

"लाज नाई, बाई." ती पायाचा चिखल काडीनं खरडत होती. "मी दिसली का पोरगी मांगते. मी देऊ शकत नाई. मांगून मिळालं नाई का मांगनं मरते, मंग मेढच उरते. म्या शिकवलेलं म्या आपल्या हातानं मारू का? मी दिसलीच नाई तं तिचं मांगनं तेवढं जितं रायते."

रोवणा लागल्यापासून ही बाई चिखल तुडवत होती, कशासाठी, तर एका पोरीचा हात रिकामा राहू नये म्हणून. आणि गाव हसत होतं. मी तडक विहिरीवर गेले आणि इंदूला गाठून सगळं सांगितलं, बायनाबाईला न विचारता. इंदू घागर भरून निघून गेली. मी मनात तिलाही शिव्या दिल्या.

पुढच्या रविवारी मी बायनाबाईबरोबर त्याच बांधावरून निघाले होते. दोन्ही अंगांना बाया वाकून धान रोवत होत्या. कलाबाईही त्यांत होती. समोरून इंदू येत होती, कमळाचं मनगट धरून. दोर नव्हता. पोरीच्या कपाळावर हळदीची चिंधी बांधलेली होती. बांध एवढा अरुंद की बाजूला व्हायला जागा नाही. आम्ही थांबलो.

कमळा बायनाबाईकडे बघत राहिली. हात खालीच. मला वाटलं, मेलं ते मागणं. मग पोरीनं हळूच हात उचलला आणि तळवा उघडला.

बायनाबाईनं पदर चाचपला. गाठ नव्हती. फुटाणे बांधायचे तिनं कधीच सोडून दिले होते. कमळाच्या मानेला झटका बसला, आपटायच्या आधी बसायचा तसा.

"इंदूताई," बायनाबाई घाबरून म्हणाली, "माह्यापाशी दुपारचा भातच आहे. शिजलेला."

फुटाण्याची गोष्ट वेगळी होती. सुक्याकडे निदान इंदूला डोळेझाक करता आली होती. त्या वस्तीतल्या चुलीवर शिजलेला भात त्या घराच्या तोंडात कधी गेला नव्हता. धानातल्या बायांचे हात थांबले. "इंदे!" कलाबाई ओरडली. "घरात पाय ठेवू देणार नाई तुले!"

"उशीर नका करू," इंदू बायनाबाईला म्हणाली.

बायनाबाईनं डबा उघडला आणि भाताचा लहानसा घास त्या तळव्यावर ठेवला. कमळानं तो खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला. इंदूनं एकदा सासूकडे पाहिलं, मग लेकीकडे. मग तिनं स्वतःचा तळहात उघडून लेकीच्या हाताशेजारी धरला.

"मले बी द्या," ती म्हणाली.

बायनाबाईनं दिला.