माळावर काहीच न्हाई

आष्टीच्या पलीकडच्या एका माळावर मुरमाची खाण निघणार होती. खाणीमुळे तिथल्या पशुपक्ष्यांचं काय होईल, हे पाहून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. काम देणारा म्हणाला, "सर, माळच आहे. दोन दिवस पुष्कळ झाले." मला राग आला, पण काम घेतलं.

मे महिना होता. उताराला एक नवराबायको सरकारी गायरानाचा तुकडा कसत होते. तो वखर हाकत होता, ती धसकटं वेचत होती. मी फॉर्म काढून विचारायला लागलो.

"मावशी, इथे हरणं येतात का?"

"न्हाई जी."

"लांडगा? मोर?"

"काहीच न्हाई साहेब, बिलकुल न्हाई. नुसते धोंडे हायेत."

तिच्या मागे, हाकेच्या अंतरावर, तीन हरणं चरत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, तिनेही मान वळवून पाहिलं आणि पुन्हा धसकटं वेचायला लागली.

मला हसू आलं, पण नवल वाटलं नाही. माझे वडीलही गायरानच कसायचे. कागद घेऊन कुणी दारात आलं की आमच्या घरचं उत्तर ठरलेलं असायचं. विहीर आहे का? न्हाई. झाडं? न्हाई. "हाय म्हनलं की त्याचा मालक उगवतो," असं वडील म्हणायचे. या बाईलाही तीच धास्ती होती, की हरणं आहेत म्हटलं तर जंगलखातं जमीन घेईल.

पण माझ्या हातात नकाशा होता. मी तो तिच्यापुढे धरला. "मावशी, जनावरं नाहीत असं लिहिलं तर खाणीला परवानगी सहज मिळेल. आणि तुमचं शेतही खाणीच्या रेघेच्या आत आहे."

तिने नकाशातल्या रेघेवरून बोट फिरवलं. "आन् हायेत म्हनलं, मंग ऱ्हाईल का शेत?"

हो म्हणणं सोपं होतं. "माहीत नाही," मी म्हणालो. तिला भीती घातली आणि भरवसा काहीच देता आला नाही, म्हणून त्या दिवशी घरी जाताना मला माझीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधावर माझी वाटच पाहत होती. ती मला शेताच्या मधोमध घेऊन गेली. सगळ्या शेतात वखरपाळी झाली होती, फक्त सुपाएवढी जागा तशीच सोडलेली. तिथे खड्यांत टिटवीची चार अंडी होती.

"दर साली सोडतो आमी," ती म्हणाली. "औंदा उंचावर घातल्यात, म्हंजी पाऊसपानी बराबर हाय."

मग तिने खोकडाचं बीळ दाखवलं, चंडोलाचं घरटं दाखवलं, लांडगा पाण्याला कुठून उतरतो तेही दाखवलं. दुपारपर्यंत माझा फॉर्म भरला, मागची बाजूसुद्धा. शेवटच्या रकान्यात माहिती देणाऱ्याचं नाव आणि सही हवी होती. तिला त्रास नको म्हणून मी तो रिकामा ठेवून कागद घडी करायला लागलो.

"ते काय ऱ्हायलं?" तिने विचारलं. मी सांगितलं.

तिने हात पदराला पुसले आणि पेन मागितला.

"लिव्हते की. तीस वर्सं झाली कसून, या जमिनीच्या एका बी कागदावर माझं नाव आलं न्हाई."