अजमानच्या वाळूत काढलेलं गाव

दुबईशेजारच्या अजमानला आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक मराठी कुटुंब राहायला आलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. खाली ग्रोसरीत मलबारी, वरच्या मजल्यावर पाकिस्तानी, शेजारी सुदानी. दिवसभर हिंदीत बोलून जीभ शिणायची. त्या वहिनी माझ्याच वयाच्या, मुलंही एकाच शाळेत. त्यांचे मिस्टर दुबईतल्या अल क्वोजमध्ये कामाला, माझा नवराही तिथेच एका अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन. आठवड्याभरात दोघं एका गाडीने जायला लागले.

मग एका शुक्रवारी ते सगळे आमच्याकडे चहाला आले आणि कोणीतरी मूळ गाव विचारलं. त्यांनी सांगितलं. माझ्या नवऱ्याने कप खाली ठेवला. त्याने आमचं आडनाव पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं, तसा त्यांच्या मिस्टरांनीही कप खाली ठेवला. वहिनींना आणि मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. शेवटी ते दोघंच हसले, पण त्यांच्या कपातला चहा तसाच राहिला.

लग्न होऊन आले तेव्हा मला सासरची एक गोष्ट पहिल्या महिन्यातच सांगितली गेली होती. माझे सासरे, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांच्या पणजोबांच्या वेळची. कोयनेच्या खोऱ्यात आमचं आणि त्या दुसऱ्या घराण्याचं शेत लागून होतं आणि एकाच ओढ्याचा पाट दोन्हीकडे जायचा. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात कोणीतरी रात्री बांध फोडला. पणजोबांचा धाकटा भाऊ सकाळी बघायला गेला, तो कुऱ्हाडीचे घाव घातलेला पाटात सापडला. महिना उलटायच्या आत त्यांच्या खळ्यावरची गंजी पेटली आणि राखणीला झोपलेला त्यांचा माणूस तिच्यात जळाला. मग बाजाराच्या वाटेवर आणखी एकजण मारला गेला. इंग्रजाच्या कोर्टाने दोन्ही घरांतला एकेक माणूस काळ्या पाण्याला पाठवला. दोघांपैकी एकही परत आला नाही. मेल्याची खबरही आली नाही, म्हणून त्यांच्या बायका मरेपर्यंत कुंकू लावत राहिल्या.

तेव्हापासून एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असं ठरलं. पुढे धरण झालं आणि अख्खं गाव पाण्याखाली गेलं. सरकारने आम्हाला सांगलीकडे जमीन दिली, त्यांना सोलापूरकडे. पण दोन्ही घरांनी भांड्याकुंड्यांबरोबर वैरही नेलं. दादा तर फारच कडक. एकदा साताऱ्यात एका लग्नात, मांडवात त्या घरचं कोणी आहे असं कळल्यावर ते भरल्या ताटावरून उठले आणि एसटी येईपर्यंत उन्हात उभे राहिले. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आमच्या नवऱ्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी एकाच गाडीतून जायचं ठरवलं. परदेशात कुठे हे धरून बसायचं, असं दोघांचं म्हणणं पडलं. फक्त इंडियात कळवायचं नाही. वहिनींनी आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वर्षभर आम्ही एकमेकींच्या घरी मनसोक्त जेवलो.

पुढच्या हिवाळ्यात दादांना व्हिजिट व्हिसावर आणायचं ठरलं. सासूबाई गेल्यापासून ते फार एकटे पडले होते. व्हिसा आला आणि त्याच सुमारास वहिनी पडलेल्या चेहऱ्याने आल्या. त्यांचे सासरे, आबा, तेही त्याच महिन्यात येणार होते. तिकीट निघालं होतं.

आम्ही चौघांनी बसून वेळापत्रक ठरवलं. दादांनी सकाळी कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरायचं, आबांनी संध्याकाळी. मुलांना ताकीद दिली की आजोबांसमोर समोरच्या बिल्डिंगचं नाव काढायचं नाही. माझ्या मुलीने "बट व्हाय?" असं विचारलं, तेव्हा मी तिला होमवर्कला बसवलं.

पहिला आठवडा नीट गेला. मग दादा म्हणायला लागले की सकाळी दव असतं, संध्याकाळीच जातो. मी नको म्हटलं, तर म्हणाले, दोन्ही वेळा जातो. त्यांची भूकही वाढली. जाताना ते दोन भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून मागायचे. समुद्राच्या हवेने भूक लागते, असं ते सांगायचे आणि मला ते खरं वाटायचं. उलट बरं वाटायचं, कारण इथे आल्यापासून त्यांचा चेहरा खुलला होता.

एके दिवशी अंधारून आलं तरी दादा परतले नाहीत. सूर्यास्ताची, मगरिबची बांग होऊन गेली. नवरे ट्रॅफिकमध्ये अडकलेले, त्या वेळी मोबाइल आमच्याकडे नव्हता. मुलीला शेजारच्या सुदानी बाईंकडे सोडून मी निघाले, तर रस्त्यावर वहिनी भेटल्या. पायात घरातल्या सपाता.

"आबा आले नाहीत अजून," त्या म्हणाल्या.

"दादाही," मी म्हटलं.

आम्ही तशाच कॉर्निशकडे धावलो. दोघींच्या मनात एकच होतं. कॉर्निशवर गर्दी होती, अरबी कुटुंबं सतरंज्या टाकून बसली होती, पण ही दोघं कुठेच दिसेनात. शेवटी कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवतात तिकडून मराठीत भांडणाचा आवाज आला. दादांचा आवाज मी लगेच ओळखला. एका उपड्या होडीजवळ ते उभे होते, हातात काठी उगारलेली. समोर आबा, तेही तावातावाने बोलत होते.

वहिनी धावत पुढे गेल्या आणि आबांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, पाय काढ," आबा ओरडले. "देऊळ पुसलंस की."

आम्ही खाली पाहिलं. दिव्याच्या उजेडात ओल्या वाळूवर काठीने रेघा ओढल्या होत्या. एक वाकडी लांब रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना चौकोन, मध्ये शिंपले मांडलेले.

"हा म्हणतो चिंच ओढ्याच्या अलीकडं होती," दादा मला म्हणाले, जणू मी निवाडा करायला आले होते. "पलीकडं होती. मी चढलोय तिच्यावर."

होडीवर आमच्या घरचं फडकं पसरलं होतं, अर्धी भाकरी उरली होती. शेजारी वहिनींच्या घरचा थर्मास. त्याच्या झाकणात दादांसाठी ओतलेला चहा गार होत होता.

मी तिथेच वाळूत बसले. वहिनी आधी रडल्या आणि मग हसायला लागल्या. दोन्ही म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले.

घरी येताना वाटेत सगळं कळलं. कॉर्निशवर पहिल्याच भेटीत, नमस्कार झाल्या झाल्या, त्यांनी एकमेकांना गाव विचारलं होतं. आमच्याकडची माणसं आणखी काय विचारणार? हे आम्हा चौघा शिकलेल्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आडनाव कळल्यावर दादा उठून तडक निघून गेले. रस्ता संपेपर्यंत चालले आणि वळले. आबा तिथेच बसलेले होते. दादा थोडं अंतर ठेवून बसले. मग आबांनी विचारलं, देवळामागचा चाफा आठवतो का. दादांना आठवत होता.

"मग आम्हाला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्ही भेटू दिलं नसतं," दादा म्हणाले.

थोडं चालून ते थांबले. "सूनबाई, त्या गावातला माझ्या वयाचा माणूस आता उरलाय कुठं? तुझ्या नवऱ्यानं ते बघितलंसुद्धा नाही. ज्या पाण्यापायी डोकी फोडली, ते सगळं पाण्याखालीच गेलं. मी कुणापाशी बोलू?"

मी विचारलं, बांध कोणी फोडला ते ठरलं का. त्यावर आबाच म्हणाले की त्यांच्या घरी सांगतात आम्ही फोडला, आमच्या घरी सांगतात त्यांनी, आणि आता कोण उठून सांगायला येणार आहे.

नवरे घरी आले तेव्हा आम्ही सगळे आमच्या हॉलमध्ये जेवत होतो. माझा नवरा बूट न काढता दारातच उभा राहिला. दादांनी त्याला हात धुऊन बसायला सांगितलं. पहिला घास घेईपर्यंत तो एकदा आबांकडे आणि एकदा वडिलांकडे बघत होता. मग मात्र दोघे नवरे इतके जेवले की मला पुन्हा भात टाकावा लागला. वर्षभर पोटात ठेवलेलं ओझं उतरलं होतं.

पुढच्या शुक्रवारी सांगलीहून चुलत सासऱ्यांचा फोन आला. बातमी कशी पोचली कोण जाणे. ते नवऱ्यावर इतके ओरडले की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. दादांनी रिसीव्हर घेतला आणि त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला चाफ्याचं झाड आठवतंय का? नाही ना? मग खलास." अरबांसारखं 'पुरे, विषय संपला' या अर्थाने खलास म्हणायला ते इथेच शिकले होते. फोन ठेवून ते फिरायला गेले.

व्हिसाची मुदत संपल्यावर दोघं एकाच विमानाने परत गेले. त्यानंतर सोलापूर आणि सांगलीच्या मध्ये जाणं-येणं सुरू झालं. सगळे भाऊबंद आले नाहीत, काही अजूनही तोंड फिरवतात. पण आबांच्या नातीच्या लग्नात दादा पंगतीला आग्रह करत फिरत होते, त्याचा फोटो आम्हाला आला.

दोन हजार एक किंवा दोन सालच्या मे महिन्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं. जुनी गावं उघडी पडली म्हणून दोघं जीप करून बघायला गेले. परतल्यावर दादांचा फोन आला. मी उत्सुकतेने विचारलं, काय काय दिसलं.

"काही नाही गं, नुसता चिखल," ते म्हणाले. "पण वाटेत जेवण बरं मिळालं."