गुरुजींना चढली कशी?

पोलीस खात्यात उभी हयात गेली, पण मनात सर्वांत ठळक राहिलेली केस माझ्याकडे निवृत्तीनंतर आली. तीही नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पमध्ये, माझ्या मुलीच्या घरी.

मी तिच्याकडे राहायला गेलो होतो. तिचे सासू-सासरेही तेव्हा तिथेच होते. व्याही निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गावाकडे ते व्यसनमुक्तीची व्याख्यानं देत. ‘मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही’ हे त्यांच्या प्रत्येक भाषणाचं पहिलं वाक्य.

त्या सकाळी मुलगी ऑफिसला गेली होती. जावई वरच्या खोलीत बसून काम करत होता. मी पेपर वाचत असताना विहीणबाई आल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, “साहेब, जरा मागे या. हे सायकलशी भांडतायत.”

गुरुजी अंगणात घराच्या किल्लीने सायकलचं कुलूप उघडत होते.

“कुठे निघालात?” मी विचारलं.

“खेमेंटेत,” ते म्हणाले. म्हणजे इथल्या नगरपालिकेत. “डचांना चार शब्द सांगायचे आहेत. त्यांच्याच भाषेत.”

गुरुजींना डचमधलं फक्त ‘सुप्रभात’ येत होतं.

मी आधी वाहन ताब्यात घेतलं. मग त्यांच्या जवळ गेलो, तर तोंडाला वास. गोडसर, पण वास तोच. नाकाबंदीवर तो इतका घेतलाय की चुकणं शक्य नव्हतं. तरी वास आला की ‘प्यायलाय’ म्हणून मोकळं व्हायचं नसतं. डोक्याला मार लागलेला, साखर उतरलेला, झटका आलेला माणूसही असाच अडखळतो, आणि कधी दोन्ही गोष्टी एकदम असतात.

“गुरुजी, पडलात का कुठे?” डोकं चाचपलं, मार नव्हता. “दोन्ही हात वर करा.”

त्यांनी हात वर केले आणि तिथेच आम्हाला दारू न पिण्याची शपथ द्यायला सुरुवात केली. हात सरळ, तोंड वाकडं नाही. अर्धांग नसावं. पण त्यांना मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या, आणि ती काळजी मोठी होती. जावयाला हाक मारली. त्याने साखर तपासली. ती बरीच खाली आली होती.

त्याचा चेहरा उतरला. त्याने लगेच हाउसआर्ट्सना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. तिकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, शुद्धीवर आहेत का, गिळता येतंय का. येत होतं. “मग साखरेचं पाणी द्या, थोड्या वेळाने पुन्हा तपासा आणि खायला द्या. आडवे झाले तर कुशीवर झोपवा. एकटं सोडू नका. उठवून उठले नाहीत किंवा श्वास मंदावला, तर थेट अँब्युलन्स. किती प्यायलेत?”

तेच कोणाला ठाऊक नव्हतं.

विहीणबाई लिंबू पिळायला निघाल्या होत्या. मी थांबवलं. लिंबू, ताक, काळी कॉफी, डोक्यावर पाणी, यातलं काहीच उतरवत नाही. उतरवतो तो वेळ. तोवर माणूस सांभाळायचा. मग त्या मुलाकडे वळल्या. “तुझ्याच बाटल्या असणार. खरं सांग.”

“आई, कपाटात एकच आहे, आणि तिचं सील शाबूत आहे.”

मी पाहिलं. होतं. जावई निर्दोष सुटला.

साखर पुन्हा वर आली, तशी मी चौकशी सुरू केली. ‘काय प्यायलात’ या प्रश्नाला आरोपी कधी उत्तर देत नाही. म्हणून वेगळं विचारलं. “गुरुजी, सकाळपासून पोटात काय काय गेलं?”

“चहा. गोळी. मनुका.”

“पोहे?”

“भूक नव्हती. मनुकाच पुष्कळ खाल्ल्या. सूनबाईंनी माझ्या पोटासाठी भिजवून ठेवलेल्या. गुणी पोरगी.”

“त्याचं पाणी?”

“प्यायलो. सगळं सत्त्व पाण्यातच असतं.”

जावयाने फ्रिज उघडला आणि कपाळाला हात लावला. शेजारच्या डच आजींनी प्रेमाने दिलेली बरणी होती ती. इकडे मनुका ब्रँडीत मुरवतात. बरणीच्या तळाशी थोड्या उरल्या होत्या.

जावयाने पुन्हा फोन लावला आणि बाईंना म्हणाला, “प्यायले नाहीत. खाल्लंय.” बाईंनी ‘खाल्लंय’ हा शब्द पुन्हा विचारून घेतला.

गुरुजी दुपारभर कुशीवर झोपले. आम्ही आळीपाळीने जवळ बसलो. संध्याकाळी भात-वरण जेवल्यावर त्यांना खरं सांगितलं.

“साहेब, माझी शपथ मोडली.”

“गुरुजी, गुन्ह्याला हेतू लागतो. तो इथे नव्हता.”

“पण चढली तर होती ना?”

मी त्यांना साखर तपासायला बोट पुढे करायला सांगितलं.

नोकरीत मी शेकडो झिंगलेली माणसं पाहिली. पण वास कुठून आला हे शोधण्याआधी श्वास नीट चालू आहे का हे पाहायचं असतं, हे त्या दिवशी जितकं मनावर ठसलं तितकं आधी कधी ठसलं नव्हतं. त्या क्षणी समोर आरोपी नसतो, रुग्ण असतो.

गुरुजी व्याख्यानं अजून देतात. पहिलं वाक्य मात्र बदललं आहे. आता सुरुवातीलाच सांगतात, चढलेल्या माणसाला झोडपू नका, कुशीवर झोपवा, जवळ बसा. दारू कशी सोडवायची ते दुसऱ्या दिवशी बोलू. परवा सभेत कोणीतरी विचारलं, “गुरुजी, हे इतकं बारकाईने कुठे शिकलात?”

“परदेशात,” गुरुजी म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.